एका भगिनीसाठी

गाठ माझ्या गळ्यात होती. उपास मात्र रत्नाच्या नावानं चालले होते आणि डबेही तिच्याच घरी जात होते. हे कसं झालं ते सांगितल्याशिवाय माझ्या आजारपणाची हकिगत पुरी होणार नाही.

लिहायला बसले ती एका अनोळखी बाईमुळे. मागच्या महिन्यात तपासणीला गेले होते, तेव्हा ती बाकावर माझ्या शेजारी बसली होती. हातात नवी कोरी फाईल. माझ्या गळ्यावरची खूण बघून तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला भीती वाटली होती का हो?" मी "हो, खूप" एवढंच म्हणाले आणि माझा नंबर आला. बाहेर येऊन पाहते तर ती गेलेली. तिला जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. तिच्यासारख्या आणखी कुणाच्या हाती पडलं तर बरंच.

आरसा

मी अंबरनाथ पूर्वेला ब्लाउज शिवते. तीस वर्षं बायकांचे गळे मापते आहे. गोल, चौकोनी, पानाचा, बोटीचा, सगळे गळे मला पाठ. स्वतःच्या गळ्याकडे मात्र मी कधी धड पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी एक बाई ट्रायल घेत होत्या. त्या आरशासमोर उभ्या, मी त्यांच्या मागे, तोंडात टाचण्या. मी आवंढा गिळला आणि आरशात माझ्या गळ्यावर काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. परत गिळला. परत तेच. बाई म्हणाल्या, "गळा थोडा खोल करा हं." मी मान हलवली. टाचण्या तोंडात असल्याचा तेवढाच फायदा झाला.

मग उल्हासनगरच्या हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली, आणि आठवड्यानं रिपोर्ट आला. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी घाई केली नाही, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही. म्हणाल्या, "पेशी चांगल्या दिसत नाहीत, कॅन्सरच्या वाटतात. थायरॉईडची ग्रंथी पूर्ण काढावी लागेल. हा आजार बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो." मी हिशेबी माणसासारखी मान डोलावत होते. मग त्या म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच सांगते. आवाजाच्या नसा या ग्रंथीला चिकटूनच जातात. आम्ही जपतो. तरी आवाज बदलू शकतो. थोडे दिवस, आणि क्वचित कायमचा."

तिथं माझं अवसान गळालं. खरं सांगते, कॅन्सर हा शब्द ऐकून रडू आलं नव्हतं, आवाजाचं ऐकून आलं.

आमचे मिस्टर डॅनियल शेजारीच बसले होते. त्यांनी घसा खाकरून विचारलं, "डॉक्टर, जेवणाचं पथ्य काय?" घाबरलेला माणूस काय विचारेल याचा नेम नसतो. घरी आल्यावर माझं शिलाई मशीन उघडून त्याला तेल घालत बसले. मशीनला तेलाची काही गरज नव्हती.

आमची संगती

आवाजाचं एवढं काय, असं वाटेल. तर आमच्याबद्दल थोडं सांगते.

आम्ही वीस-पंचवीस ख्रिस्ती विश्वासी दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमतो. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत पांगलेली माणसं. कुणी नगरकडून आलेली, कुणी इथलीच, आणि उल्हासनगर कॅम्प नंबर चारच्या लाजवंती आंटी सिंधी. गीतं, शास्त्रवाचन, प्रार्थना, मग चहा. आमच्यात पेटी वाजवणारं कुणी नाही. त्यामुळे गीत जो काढेल, त्याच्या पट्टीत सगळ्यांनी गायचं. पंधरा वर्षं गीत मी काढत होते. घरात मला कोण विचारतंय, पण बुधवारी माझ्या आवाजामागे सगळी खोली चालायची. त्याचा मला अभिमान होता. गर्वच म्हणा.

माझी जिवाभावाची मैत्रीण रत्ना. तीही गीत काढायची, पण इतक्या वरच्या पट्टीत की दुसऱ्या ओळीला पुरुष गळायचे आणि तिसऱ्या ओळीला रत्ना आणि छताचा पंखा, एवढेच उरायचे. नाताळच्या तयारीला तिनं असंच एक गीत काढलं आणि मी मध्येच थांबवलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "रत्ना, तू बस. मी काढते." आणि काढलं. गीत छान झालं. पुढच्या बुधवारी रत्ना आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वर्ष उलटून उन्हाळा आला. मी फोन केला नाही, कारण पट्टी तिचीच चुकली होती.

विनंती

आमच्याकडे शेवटी पाळक साहेब विचारतात, "कुणाच्या प्रार्थनेच्या विनंत्या?" मग एकेकजण उभं राहून सांगतो. मुलाची नोकरी, सासूची शुगर, गुडघा. त्या बुधवारी मी उभी राहिले. नाव सांगायची हिंमत झाली नाही. इतकी वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी बसून मी मोठ्या तोंडानं प्रार्थना केल्या होत्या. आता लोक माझ्याकडे 'बिचारी' म्हणून बघणार, हे मला सोसवेना. म्हणाले, "आपल्यातल्या एका भगिनीच्या गळ्याला गाठ आहे. ऑपरेशन आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा."

पाळक साहेबांनी मान खाली घातली आणि सुंदर प्रार्थना केली. मी डोळे मिटून 'आमेन' म्हटलं आणि चहाला न थांबता घरी आले.

आमच्या संगतीची एक पद्धत आहे. कुणी मोठ्या आजारात असलं की साखळी उपास धरतात. रोज एक घर. ज्याचा उपास असेल त्यानं सूर्यास्तापर्यंत जेवायचं नाही, आणि आपल्या वाटचं जेवण डबा करून आजाऱ्याच्या घरी पोचवायचं. आणि कुणी नाव झाकून विनंती केली तर विचारायचं नाही. विचारायचं नाही, पण ओळखायला कुणाची बंदी नाही! माझ्यामागे चहावर सगळ्यांनी मिळून ओळखलं. कोण येत नाही वर्षभर? रत्ना. बदलापूरला लॅबच्या दारात कोण दिसली होती? रत्ना. ती सासूची शुगर तपासायला गेली होती, पण तेवढ्या खोलात कोण जातो.

मला यातलं काही माहीत नाही. मधल्या बुधवारी मी भूल देण्याआधीच्या तपासण्यांत अडकले होते. अकराव्या दिवशी, रविवारी, लाजवंती आंटींचा फोन आला.

"शालिनी, सोमवारी तुझा नंबर. उपास धर आणि डबा पोचव."

"कुठे पोचवायचा, आंटी?"

"रत्ना के घर, और कहाँ? आता नाटक नको करू, सबको मालूम है. बिचारी एकटी घरात बसून सहन करते आहे. तिच्यासमोर बीमारी का नाम मत लेना. डबा दे, प्रार्थना कर आणि ये."

मी फोन ठेवला. मिस्टरांना सांगितलं. तेलाची बाटली हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग? जाणार आहेस?"

न जावं तर खरं सांगावं लागणार. जावं तर रत्नाचं तोंड बघावं लागणार. रात्रभर विचार केला नाही, झोपले. सकाळी उठून डाळवांगं केलं, ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. रत्नाला आवडतात.

डबा

रत्ना चिखलोलीला नव्या इमारतीत राहते. रिक्षातून उतरले तेव्हा उकाड्यानं जीव जात होता आणि मी पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला.

तिनं दार उघडलं. केसांना रंग लावायचं सोडलं होतं. आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू पण?"

"नंबर होता माझा."

"ये आत."

तिनं मला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिज उघडला. डबेच डबे. बिर्याणी, पुरणपोळ्या, आंटींची पालक-डाळीची साई भाजी, दोन प्रकारची खीर.

"अकरा दिवस झाले," रत्ना म्हणाली. "रोज एक जण येतं, डबा देतं, डोळ्यांत पाणी आणतं आणि जातं. सांगत कुणीच काही नाही. मला वाटलं, मला परत बोलवायला करतायत. पहिले तीन दिवस तर मी खूश होते गं. मग परवा आंटी आल्या आणि माझ्या गळ्यावर हात ठेवून रडायलाच लागल्या." तिनं फ्रिज लावला. "पदर काढ."

"राहू दे."

"शालू, पदर काढ."

मी काढला. तिनं एक बोट अलगद गाठीवर ठेवलं. तिचा हात गार होता, फ्रिजमुळे असेल.

"काल एकीकडून विनंतीचे शब्द काढून घेतले, तेव्हाच मला कळलं," ती म्हणाली. "गुडघा दुखला तरी उभ्या राहून सांगणाऱ्या बायका आपल्या. 'एका भगिनीसाठी' असं आडून बोलणारी तू एकटीच."

तेव्हा मी रडले. डॉक्टरांसमोर रडले नव्हते तेवढी रडले. म्हणाले, "रत्ना, तुला त्या दिवशी सगळ्यांसमोर बसवलं. चुकले मी."

"हो, चुकलीस," ती म्हणाली. 'जाऊ दे' म्हणाली नाही, 'असू दे' म्हणाली नाही. आणि तेच मला बरं वाटलं. मग तिनं ताट घेतलं. "चल, जेव आता."

"माझा उपास आहे."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठीच की."

ती ओट्याला धरून हसायला लागली. मीही. हसता हसता खाली बसलो दोघी. "तुझं अकरा दिवसांचं जेवण मी जेवले," ती डोळे पुसत म्हणाली, "बघ, ब्लाउज होत नाहीत मला. आता तूच शिव." सूर्य बुडेपर्यंत मी तिथेच थांबले, आणि मग आम्ही डाळवांगं खाल्लं.

नाव!

त्या बुधवारी रत्ना वर्षानं संगतीत आली. लोक तिला धरून बसवायला धावले. तिनं मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मग आंटींचा आवाज आला. "म्हणजे मेरी साई भाजी गलत घर गई?"

त्यानंतरचा गोंधळ काय सांगू. कुणी हसतंय, कुणी रडतंय, कुणी रत्नाला डब्याची भांडी परत मागतंय. पाळक साहेब सगळं शांत झाल्यावर म्हणाले, "शालिनीताई, प्रार्थनेचा पत्ता प्रभूला ठाऊक होता. चुकला तो फक्त डब्याचा." आणि साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, यावेळी माझ्या दाराशी.

तेव्हापासून आमच्यात कुणीही 'एका भगिनीसाठी' किंवा 'एका बंधूसाठी' म्हणालं की सगळी खोली ओरडते, "नाव!"

वाचणारीला माझं एकच सांगणं आहे. नाव सांगा. कुणीतरी एक माणूस धरा आणि त्याला नाव सांगा. 'बिचारी' म्हणतील, दोन दिवस म्हणतील. मग डबे आणतील.

वॉर्ड

घरात सगळं गोड होतं असं नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही करायच्या आदल्या दिवशी मिस्टर अडून बसले. "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. आवाजच जाणार असेल तर काय उपयोग?" मी म्हणाले, "आवाज ठेवून मी गेले तर चालेल?" ते उठून बाहेर गेले. संध्याकाळी परत आले. मग त्यांनी चहा केला, साखर घालायला विसरले, आणि मी तो मुकाट्यानं प्यायले. सकाळी फाईल त्यांनीच उचलली.

हॉस्पिटलात चार दिवस होते. उठवून विचारतात, झोप लागली का. ताप मोजतात, फरशी पुसतात, इडली येते. ऑपरेशननंतर माझ्या बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या. मला वाटलं संपलं. सिस्टर म्हणाली, "कॅल्शियम कमी झालंय, आता ठीक होईल," आणि सलाइनमधून काही दिल्यावर झालंही. तुम्हाला अशा मुंग्या आल्या तर लगेच सांगा, सोसत पडू नका.

भेटायची वेळ चार ते सहा, पास दोनच. आमची माणसं बाराजण यायची. दोघं वर, बाकीची खाली गाड्या लावतात तिथं उभी राहून प्रार्थना करायची. वॉचमन पहिल्या दिवशी ओरडला. तिसऱ्या दिवशी त्यानं पाळक साहेबांना बाजूला घेऊन मुलीच्या बारावीसाठी विनंती केली. त्यांनी विचारलं, "नाव?"

शेजारच्या खाटेवर चामटोलीच्या एक आजी होत्या. भात लावणारे खरबरीत हात. सगळं बघून म्हणाल्या, "तुझ्या देवाला सोयरं लय गो." आंटींनी त्यांनाही साई भाजी भरवली.

'ई' म्हणा

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आल्या. म्हणाल्या, "शालिनीताई, 'ई' म्हणा."

मी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

परत म्हटलं. परत हवा. डॉक्टर म्हणाल्या, "सूज आहे. नस शाबूत आहे, आम्ही पाहिली आहे. वाट बघू." वाट बघू, हे दोन शब्द आजाऱ्याला किती जड जातात ते आजाऱ्यालाच ठाऊक. मी भिंतीकडे तोंड करून पडले. प्रार्थनाही सुचेना. मी देवावर रागावले होते, ते लपवत नाही. सगळं घे म्हटलं होतं, आवाज सोडून. नेमका तोच घेतला.

रात्री सोबतीला राहिलेली रत्ना खाटेशी बसून होती. तिनं मला धीर दिला नाही, शास्त्रातलं वचन ऐकवलं नाही. पिशवीतून पाटी आणि खडू काढला आणि माझ्या हातात दिला. मी लिहिलं, "गीत कोण काढणार?" तिनं वाचलं, पुसलं, आणि म्हणाली, "आधी इडली खा."

दहा दिवसांनी गाठीचा रिपोर्ट आला. होता कॅन्सरच, पण लहान आणि पूर्ण निघालेला. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर, आणि ठरावीक महिन्यांनी तपासणी. डॉक्टर हसल्या. मिस्टर रडले. मी पाटीवर लिहिलं, "जेवणाचं पथ्य विचारा."

आवाज काही येईना. माझी बडबड ऐकत तीस वर्षं काढलेल्या माणसाला घरातली शांतता खायला उठली. "अगं, रागावून का होईना, पण बोल," असं म्हणत मागे मागे फिरायचे. आणि करायला काही नाही म्हणून मशीनला तेल. सहाव्या आठवड्यात त्यांनी इतकं तेल घातलं की एका गिऱ्हाइकाच्या रेशमी ब्लाउजवर हा एवढा डाग पडला. मी बघितलं आणि ओरडले, "अहो!"

फाटका, घोगरा, पुरुषी आवाज. पण आवाज! मिस्टर जागच्या जागी उडाले. "परत बोल! परत बोल!" मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते मात्र ऐकत होते आणि हसत होते. ब्लाउज नवीन शिवून दिला.

बोलणं हळूहळू सुधारलं. वरचे सूर नाही आले. डॉक्टर म्हणतात, कदाचित येतील, कदाचित नाही. मी पुन्हा गीत काढायला उभी राहिले नाही.

चिखलोलीचा बुधवार

चार महिन्यांनी संगती रत्नाच्या घरी होती. या काळात गीतं कशीबशी चालली होती. कुणी काढायचं, कुणी सोडायचं. पाळक साहेब म्हणाले, "कोण काढतं?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. मी गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं.

रत्ना उभी राहिली आणि तिनं काढलं. तीच जुनी पट्टी, थेट छताला. मी मनात म्हटलं, आता गळणार सगळे. पहिली ओळ अर्धी झाली आणि ती आपणहूनच थांबली.

"थांबा," म्हणाली. चालत माझ्याकडे आली, माझ्या खुर्चीशी खाली बसली आणि तिनं आपला कान माझ्या तोंडाशी आणला. "शालू, तू काढ. हळू काढ. तुझं जिथून निघेल तिथून."

"घोगरं निघतं गं."

"निघू दे. मी उचलते."

मी काढलं. फार खाली, फाटक्या आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल एवढं. ती ऐकत राहिली. मग मान वर केली आणि नेमक्या तिथूनच उचललं. तिचा तो खणखणीत आवाज माझ्या पट्टीत उतरला. मागोमाग मिस्टर आले, पाळक साहेब आले, आंटी टाळी धरून आल्या.

दुसरी ओळ झाली. तिसरी झाली. पुरुष सगळे गात होते, आणि पंखा कुणाला ऐकूच येत नव्हता.